एक ते तीनचा मोकळा पट्टा

शेजारणीची नवी साडी, जावेचा पनवेलचा फ्लॅट, बहिणीच्या मुलाचं इंजिनिअरिंग, यातल्या कशानंही माझ्या पोटात कधी दुखलं नाही. माझा सगळा हेवा एकाच बाईवर खर्ची पडला. ती रोह्याला शाळेत पी.टी. शिकवायची, मी पेणला. आणि वर ती माझी सगळ्यात जवळची मैत्रीण. शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात आम्ही एका खोलीत राहिलो, एका साबणानं कपडे धुतले. माणसानं जळायचं तर निदान परक्यावर तरी जळावं, पण ती सोय मला नव्हती.

नोकरीला लागल्यावर दोघींच्या गळ्यात एकच काम पडलं, आपापल्या तालुक्याच्या शालेय स्पर्धा भरवायचं. मुख्याध्यापकांना ते काम नको असायचं आणि मला ते फार हवं असायचं. पन्नास-साठ शाळा, हजारभर पोरं, एक मैदान, आणि दिवस जेमतेम दोन. वेळापत्रक कागदावर केलं तर पहिल्या तासातच इतकी खाडाखोड व्हायची की शेवटी माझं मलाच वाचता यायचं नाही. म्हणून मी आईच्या जुन्या लुगड्याचा एक मोठा तुकडा घेतला आणि मंडपाच्या कनातीवर ताणून बांधला. आडव्या रेघा म्हणजे मैदानातल्या जागा, उभ्या रेघा म्हणजे तास. प्रत्येक स्पर्धेची एक रंगीत चिंधी, सेफ्टी पिनेनं टोचलेली. धावणं लाल, लंगडी पिवळी, कबड्डी निळी. कुठं उशीर झाला की पीन काढायची, चिंधी पुढे सरकवायची. सगळ्यांना लांबून दिसायचं आणि कुणी माझ्याशी हुज्जत घालायला यायचं नाही.

त्या लुगड्यावर मध्येच एक उभा पट्टा मी कोरा ठेवायचे. दोन तासांचा. त्यात शर्यत नाही, भाषण नाही, पाहुणा नाही. हा पट्टा खाडीचा होता. आमच्या खारेपाटातली, म्हणजे खाडीकाठच्या गावांतली मुलं तेव्हा होडीनं पेणजवळच्या अंतोऱ्याच्या बंदराला यायची. होडी येणार चढत्या पाण्याबरोबर, आणि पाणी उतरायच्या आत तिला सुटलंच पाहिजे, नाहीतर ती चिखलात रुतून बसते. भरतीची वेळ काढायला आमच्याकडे घड्याळ लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची, की झालं. चतुर्थीला तीन वाजता पाणी पूर्ण, द्वितीयेला दीड वाजता. स्पर्धेची तारीख शिक्षण खातं ठरवायचं, पण मी पंचांग काढून तिथी बघायचे आणि पट्टा त्याप्रमाणे सरकवायचे. खाडीच्या मुलांच्या सगळ्या शर्यती, अगदी फायनलसुद्धा, पट्ट्याच्या आधी. पट्टा लागला की मैदान बंद, मुलं बंदराकडे. ती होडीत बसल्याशिवाय शिटी वाजायची नाही.

इतका हट्ट कशासाठी, हे मी सहसा कुणाला सांगत नसे. सातवीत मी स्वतः अशा होडीनं पेणला आले होते. माझा बाप मिठागरावर कामाला, पण त्या दिवशी काम टाकून मला घेऊन आला होता. दोनशे मीटरच्या पहिल्या फेरीत मी सगळ्यांना मागे टाकलं. फायनल जेवणानंतर होती. पण प्रमुख पाहुणे उशिरा आले, आले ते बोलायलाच उभे राहिले, आणि तिकडे पाणी उतरायला लागलं. बापानं माझा हात धरला. म्हणाला, "चल गो बेगीन, पानी चाललाय." मी रडले, धुळीत बसले. त्यानं मला उचलून नेलं. होडी खाडीच्या मध्यावर आली तेव्हा मैदानावरचा कर्णा ऐकू आला. दोनशे मीटर, मुली, पहिली अमुक. ते दुसऱ्याच कुणाचं तरी नाव होतं. बाप वल्हं मारत राहिला, त्यानंही ऐकलंच असणार.

पुढे खारेपाटात रस्ते झाले, जीपगाड्या आल्या, मुलं गाडीनं यायला लागली. होड्या बंद झाल्या. पट्टा मात्र मी काढला नाही. दर वर्षी पंचांग बघून, भरती असेल त्या वेळी, दोन तास मैदान रिकामं. नवे शिक्षक वैतागायचे. मी म्हणायचे, आमच्याकडे अशीच पद्धत आहे.

तर एका वर्षी रोह्याची बाई माझ्या स्पर्धा बघायला आली. ती नदीपलीकडच्या अष्टमी गावात राहायची, रोज पूल ओलांडून शाळेत जायची. तिच्यावर नुकतीच रोहा तालुक्याची जबाबदारी पडली होती आणि ती घाबरली होती. दिवसभर लुगड्यासमोर उभी राहून तिनं सगळं वहीत उतरवून घेतलं. पुढच्या हिवाळ्यात तिनं मला रोह्याला बोलावलं. बघते तर कनातीवर निळ्या फुलांची चादर, तिच्यावर चिंध्या, आणि बरोबर मधोमध एक ते तीन कोरा पट्टा! ती आली त्या वर्षी माझ्याकडे द्वितीया होती, म्हणून एक ते तीन. तिनं तेच जसंच्या तसं उचललं होतं. रोह्याला कुठली आलीये होडी? पोरं एसटीनं आणि कंपनीच्या बसनं आलेली. मी तिला काही बोलले नाही. झाडाखाली डबे उघडून बसलेली पोरं बघितली, गालातल्या गालात हसले आणि दीडची गाडी पकडून परत आले. त्यानंतरही ती बोलवायची, मी जायचे आणि दीडच्या गाडीनं परतायचे; वर्षानुवर्षं रोह्याची भरती कायम एक ते तीन. दर हिवाळ्यात ते आठवून मला बरं वाटायचं. सांगायला हवं होतं, पण मुद्दाम सांगितलं नाही. ती माझ्यापेक्षा गोरी होती, तिला माणसं पटकन जोडता यायची, साहेब लोक तिच्याशी हसून बोलायचे. निदान एका गोष्टीत ती वेडी ठरतेय, एवढं सुख मी स्वतःला दिलं होतं.

मग आमच्या पन्नाशीच्या आसपास ती बातमी आली. पुण्याला बऱ्याच देशांच्या तरुण खेळाडूंची मोठी स्पर्धा भरणार होती, एकाच वेळी अनेक खेळ. मैदानं, क्रीडाग्राम, बसगाड्या, जेवणं, सगळं सांभाळायला माणसं हवी होती. शाळांतल्या अनुभवी शिक्षकांतून जिल्ह्यातून एकच जण वेळापत्रक आणि वाहतुकीच्या खोलीत घेणार होते, काही महिन्यांसाठी. मी परिपत्रक लागोपाठ तीनदा वाचलं. धावपटू म्हणून मी तालुक्याच्या पुढे कधी गेले नव्हते. निदान या वाटेनं तरी मोठ्या मैदानावर पाय ठेवता येईल, असं वाटलं. इतकी हाव मला लग्नाच्या वेळीही सुटली नव्हती.

मुलाखत अलिबागला होती. आपण भरवलेल्या एखाद्या स्पर्धेचा आराखडा घेऊन या, असं कळवलं होतं. आता पुण्याच्या साहेबांपुढे आईचं लुगडं पसरायचं म्हणजे मला लाज वाटली. मी बाजारातल्या संगणकाच्या दुकानात चार दिवस बसून रंगीत तक्ता छापून घेतला. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, एकही चौकट रिकामी नाही. तो पट्टा मी स्वतःच्या हातानं काढून टाकला. म्हटलं, पुण्याला कुठली खाडी? रिकामी चौकट दिसली तर म्हणतील, बाईंना वेळ भरता येत नाही.

बाहेरच्या बाकावर ती भेटली. तिच्या मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीतून ती निळी फुलं डोकावत होती.

"अगो, चादर घेऊन आलीस?" मी म्हटलं.

"मग काय आणू? मला दुसरं येतंय काय?"

मला तिची कीव आली. खोटं कशाला बोलू, कीव कमी आणि आनंद जास्त झाला. आत तीन साहेब होते. मधले, जाड चष्म्याचे, पुण्याहून आलेले. त्यांनी माझा तक्ता हातात घेतला, वरून खाली बघितला, "फार नीटनेटका आहे" म्हणाले आणि बाजूला ठेवला. मी खूश होऊन बाहेर पडले. ती आत गेली ती अर्धा तास बाहेरच आली नाही.

पंधरा दिवसांनी शाळेत फोन आला. निवड रोह्याची.

त्या दिवशी मी तिसरी ते सातवी सगळ्या वर्गांना मैदानाच्या दहा फेऱ्या मारायला लावल्या. कारण विचारायची कुणाची हिंमत झाली नाही. संध्याकाळी तिचा फोन आला तेव्हा मी "अभिनंदन गो" असं म्हटलं, आणि माझा आवाज इतका गोड निघाला की मलाच ओकारी येईल असं वाटलं. पेपरात जिल्ह्याच्या पानावर तिचा फोटो आला, चादरीसह. शिक्षकांच्या खोलीत तो हातोहात फिरला. शेवटी माझ्याकडे आला तसा मी तो घरी नेला आणि फडताळात डब्यांखाली अंथरला, फोटोची बाजू खाली करून.

ती दर रविवारी फोन करायची. आज बसचालकांना रस्ते दाखवले, आज तीनशे स्वयंसेवकांची तालीम घेतली, अमुक देशाची पोरं हे खात नाहीत, तमुक देशाच्या पोरींना वेगळी खोली हवी. गळ्यात ओळखपत्र घातल्याशिवाय म्हणे दारावरचा माणूस आतच सोडत नाही. मी ऐकायचे आणि मनात म्हणायचे, ते ओळखपत्र माझं आहे. माझ्या चिंध्या, माझ्या पिना, माझा पट्टा. तुला तर तो पट्टा कशाचा तेही ठाऊक नाही. एका रविवारी म्हणाली, "तिथल्या लोकांना पेणचे पापड खायचेत गो, पाठवशील?" पाठवले. पोह्याचे, दोन डबे. वरच्या थरात अख्खे लावले आणि खाली सगळे तुटके भरले.

याहून वाईट म्हणजे मी देवासमोर बसून मागणंही मागितलं. मोठं संकट नको, माणसांना इजा नको, पण एखादी बस चुकू दे. एखादी शर्यत रखडू दे. तिच्या त्या चादरीवर सगळ्यांच्या देखत काहीतरी फजिती होऊ दे. देवाला एवढं बारकाईनं सांगणारी मी एकटीच असेन.

स्पर्धा सुरू झाली आणि तिनं मला एका दिवसाचा पास पाठवला. जाणार नाही असं ठरवलं, आणि पहाटेच्या एसटीनं खोपोलीमार्गे गेले. घाट चढताना बुटांच्या नाड्या दोनदा सोडून पुन्हा बांधल्या. इतक्या वर्षांनंतर मोठ्या मैदानावर जायचं होतं आणि तेही पाहुणी म्हणून.

तिची खोली स्टेडियमच्या खालच्या मजल्यावर होती. फोन, वायरलेस, संगणकांसमोर बसलेली तरुण मंडळी, आणि त्यांच्या मागे अख्ख्या भिंतीवर निळ्या फुलांची चादर. शेजारी तशाच आणखी दोन. तिचा आवाज पार बसला होता. मला बघून तिनं नुसता हात हलवला, कारण नेमकी तेव्हाच फजिती सुरू झाली होती. रस्त्यात कुठंतरी ट्रक उलटला होता आणि त्याच्यामागे एक बस अडकली होती. त्या बसमध्ये दोन-तीन संघ होते, त्यातला एक समुद्रातल्या कुठल्याशा चिमुकल्या देशाचा. त्या देशाच्या एका मुलीची आणि बसमधल्या आणखी दोघी-तिघींची दोनशे मीटरची फेरी बारा वाजता होती. आणि बारा वाजायला आले होते.

माझं मागणं पोचलं होतं. मी भिंतीला टेकून उभी राहिले. मला त्या घडीला काय वाटतंय, हे कुणी विचारू नये असं वाटत होतं.

संगणकावरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, पुढं सगळं भरलेलं आहे. त्या बाद."

"बाद कशा? हे काय हाय मग?" तिनं चादरीवर हात आपटला. एक ते तीन, कोरा पट्टा. पुण्यातही! तिनं लाल चिंधीची पीन काढली आणि दीडच्या रेघेवर टोचली. बाकीच्यांनी फोन उचलले. पंचांना, मैदानाला, कर्ण्यावरच्या माणसाला निरोप गेले. मिनिटभरात खोली पुन्हा शांत झाली.

दीड वाजता मी प्रेक्षकांत जाऊन बसले. ज्यांची बस उशिरा आली होती त्या तीन-चार जणींसाठी वेगळी फेरी लागली. त्या चिमुकल्या देशाची मुलगी म्हणजे ती काळीसावळी, काटकुळी पोर, हे मला तिच्या घाईवरून कळलं. पिस्तुलाचा बार झाला, ती पळाली. तिसरी आली, पुढे गेलीच नसणार. तरी दोन्ही हात वर करून हसली. आणि मला, पन्नाशीच्या बाईला, त्या पोरीचा हेवा वाटला. तिच्यासाठी कुणीतरी दोन तास राखून ठेवले होते. मी तोंडात पदर कोंबला आणि रडले. शेजारच्या माणसाला वाटलं असेल, ती माझी पोरगी आहे.

खाली परत आले ते तडकून. जाड चष्म्याचे साहेब तिचं कौतुक करत होते. चार पाहुणे माना डोलवत होते. मला राहवलं नाही.

"तुला माहीत तरी आहे का गो, तो पट्टा कशाचा आहे?" मी सगळ्यांसमोर विचारलं. माझा आवाज मैदानावर असतो तेवढा मोठा झाला होता.

ती गोंधळली नाही. "हाय की. खाडीचा. हॉस्टेलवर तूच नाय सांगितलंस, दिवे गेले होते त्या दिवशी? तुझी फायनल पाण्यानं नेली ते? आमच्याकडं खाडी नाय, पण डोंगरातल्या वाड्या हायत. तिथली पोरं चालत येतात, बाराला-एकला पोचतात. त्यांच्या फेऱ्या दीडनंतर लावते मी. तू कधी थांबलीसच नाय तेवढा वेळ, दीडच्या गाडीनं पळायचीस."

 साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं.

"पेणच्या बाई तुम्हीच का?" ते म्हणाले. "यांनी मुलाखतीत पहिलंच वाक्य सांगितलं होतं, ही पद्धत माझी नाही, पेणच्या बाईंची आहे. त्यांनाच घ्या."

"मग?" मी म्हटलं. "मग मला का नाही घेतलं?"

"आम्ही तुमचा तक्ता यांच्यासमोरच पुन्हा काढून बघितला, बाई. त्यात तो पट्टा नव्हता."

मैत्रिणीनं मान फिरवली आणि उगाचच चादरीवरची एक पीन काढून पुन्हा तिथंच लावली. इतके महिने, इतके रविवार, हे तिला माहीत होतं, आणि तिनं मला कळू दिलं नव्हतं. मी फोनवर गोड गोड बोलत होते तेव्हासुद्धा.

"चहा घे," ती म्हणाली. "लांबून आलीस."

मी चहा घेतला. नंतर संध्याकाळपर्यंत त्या खोलीत तिच्या हाताखाली पिना देत उभी राहिले. गळ्यात ओळखपत्र नव्हतं, दारावरच्या माणसानं दोनदा हटकलं. दोन्ही वेळा तिनं आतून ओरडून सांगितलं, "माझ्या बाई हायत त्या, राहू द्या."

त्या दिवसापासून हेवा संपला असं लिहिलं तर ते खोटं होईल. अजून आहे. आता तिच्या फोटोचा नाही, ओळखपत्राचाही नाही. माझ्या आईच्या लुगड्यावर तिचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास होता, याचा आहे, आणि हा काही जाईलसं दिसत नाही.

पेणला आल्यावर फडताळातला तो कागद काढला. डब्यांच्या बुडाचे गोल गंजके डाग कागदातून झिरपून तिच्या फोटोवर उमटले होते. ओल्या फडक्यानं पुसले, निघाले तेवढे निघाले. पुढच्या रविवारी तिचा फोन यायच्या आधी मीच केला. "पापड संपले असतील ना?" मी विचारलं.

"कधीच. खालचे चुरा झालेले तेवढे मी खाल्ले," ती म्हणाली. "वरचे लोकांना दिले."

दुसऱ्या दिवशी मी नवे दोन डबे भरले. खालपासून वरपर्यंत सगळे अख्खे.